लग्नाच्या फोटोतलं दार

"ह्याचा काळा हिरवट आहे," नवरा म्हणाला आणि तिसरा प्रिंटरही बाद झाला. पहिल्याने काळ्याचं डांबर केलं होतं. दुसरा तपकिरीकडे झुकत होता.

दुकानातला विक्रेता कंटाळला होता, पण उभा होता. गिऱ्हाईक सहा महिने अभ्यास करून आलं होतं आणि भिंग घरून आणलं होतं. कृष्णधवल फोटो नीट छापणारा, घरात मावणारा प्रिंटर हवा होता. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. शनिवारच्या जेवणाआधी लग्नाचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचा होता. एवढ्या अभ्यासात एखाद्याने दुसरं लग्न उरकलं असतं.

फोटो नोंदणी कार्यालयातला. टेबलाशी सह्या करणारे दोघं, मागे उघडं दार, दारात ठार काळोख. बायकोचं त्यात लक्ष नव्हतं. सकाळी थोरल्या भावाचा फोन आला होता, शनिवारी येऊ का म्हणून. "लग्नाला फिरकला नाहीस, आता जेवायला कशाला?" म्हणत तिने तो ठेवून दिला होता. लग्नाला भाऊ फिरकला नाही, ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली होती, की तिचं काही राहिलंच तर मुलं पुढचं सांगत.

विक्रेत्याने शेवटचा, सगळ्यांत महागडा प्रिंटर लावला. कागद सावकाश बाहेर आला. नवऱ्याने भिंग टेकवलं आणि त्याचा आवाज हळवा झाला.

"अगं, अंधारातलंसुद्धा उघडलंय. दारात कोणीतरी उभं आहे बघ. शर्टाच्या चौकडीसकट."

तिने भिंग घेतलं. दारातला तरुण चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होता. भाऊ असाच पुसायचा, मान खाली घालून. विशेषतः चष्मा स्वच्छ असताना.

तिने भिंग खाली ठेवलं.

"दादा आहे," ती म्हणाली. "आला होता मेला. आणि एवढी वर्षं माझं मुकाट ऐकून घेतलं."

सौदा झाला असं धरून विक्रेता खोकं आणायला वळला.

"थांबा, हा नको. तो पहिला द्या, स्वस्तातला."

"अगं, त्यात दार नुसतं काळं येतं."

"येऊ दे." तिने पर्समधून फोन काढला. "शनिवारी दादा येईल. त्याच्यासमोर ते काळंच बरं."