दुकान वाढव

सरबत विकून संपलं, तसे वैजूचे मामा म्हणाले, "दुकान वाढव आता." किराणा दुकानात हयात गेलेल्या मामांच्या भाषेत याचा अर्थ 'बंद कर'. पण शाळेने उद्योजकतेच्या तासासाठी दिलेल्या बोलक्या स्टॉलने ते ऐकलं, आणि त्याला कडेने नवे स्टॉल फुटू लागले. बघता बघता मैदान भरलं.

"अरे, बंद हो!" वैजू ओरडली.

"हा शब्द अभ्यासक्रमात नाही," स्टॉल म्हणाला.

"मामा, दुकान बंद करताना तुम्ही काय म्हणायचात?"

"तेच गं! 'बंद' म्हणणं अशुभ." मामा पुरते गोंधळले. वैजूचा हात धरून निघताना ते सवयीने म्हणाले, "बरं, येतो आम्ही."

"या, या!" सगळे स्टॉल एका सुरात म्हणाले, आणि फाटकात आणखी एक उगवला.