रिकाम्या खाटेची नाडी

पाहुणे लिफ्टमधून वर येत होते आणि हॉस्पिटलच्या नव्या पडद्यावर रिकाम्या खाटेची नाडी बहात्तर दिसत होती. प्रोग्रामरने साहेबांना बाजूला घेतलं. “आपला पायथन भाषेतला प्रोग्राम नाडीच्या मशीनमधल्या सी भाषेतल्या फंक्शनला हाक मारतो. ते आकडा देत नाही, पॉइंटर देतं. म्हणजे आकड्याचा पत्ता. सगळ्या खाटांना एकच पत्ता! घर तेच, भाडेकरू दुसरा. शेजाऱ्याची नाडी आपण भलत्याच्याच नावावर खपवतोय.” “उद्या दुरुस्त कर. आज तोंड मिटून उभी राहा, नाहीतर नोकरी गेली समज.” “आणि रात्री कुणाची नाडी थांबली तर?” लिफ्टचं दार उघडलं, आणि साहेब बाहेर येणाऱ्या पाहुण्यांकडे बघून हसले. तिने वाकून पडद्याचा प्लगच उपसला. “किरकोळ बिघाड,” साहेब म्हणाले. “बिघाड नाही. मी बंद केलाय, आणि आकडे खरे होईपर्यंत बंदच राहील.” पाहुण्यांतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई साहेबांकडे वळल्या. “बघताय काय? हिला खुर्ची द्या.”