उंबऱ्यावरची हाक

त्या तटबंदीच्या शहरात बोक्याइतका रीतभात पाळणारा चोर दुसरा नव्हता. भरदुपारी दाराचं कुलूप काढलं, की उंबऱ्यावरूनच हाक मारायची, "कोणी आहे का घरात?" उत्तर आलं नाही तरच आत शिरायचं, ही त्याला बापाने घालून दिलेली शिस्त.

आज सेनापतीसाठी दिवाणांच्या घरातून त्यांची शिक्क्याची मोहोर पळवायची होती. ती हाती आली, की दिवाणांची दिवाणगिरी संपलीच. बोक्याने कुलूप काढलं आणि हाक मारली.

"कोणी नाही," आतून आवाज आला.

बोक्याला हसू आवरेना. मेहुणा मागच्या खिडकीतून आधीच घुसला असणार! घरात मात्र चिटपाखरू नव्हतं. मोहोर कमरेला खोचून तो बाहेर आला, तर मेहुणा कोपऱ्यावर पहारा देत उभा.

"आवाज झकास काढलास हं!"

"कसला आवाज? भावोजी, मी इथून हललोसुद्धा नाही."

"चल, थापाड्या!" म्हणत बोक्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

दोघं खिदळत घरी पोहोचले, तेव्हा बायकोही विहिरीवरून परतून नुकतीच दाराशी आली होती. चोराचंच घर ते, दाराला शहरातलं सगळ्यात भक्कम कुलूप. बोक्याने ते काढलं आणि सवयीने ओरडला, "कोणी आहे का घरात?"

"अहो, आपलंच घर आहे हे!" बायको हसून बेजार झाली. मेहुणाही तिच्याशेजारी पोट धरून हसत होता.

"आता आहे," आतून तोच आवाज आला. "या ना."