दंडाचं माप

"आता थोडे प्रश्न तुला एकटीलाच विचारायचेत," आरोग्य सर्वेक्षणाला आलेली हेमलता सुनेला म्हणाली. तेवढ्यात सासूबाई तांदळाचं ताट घेऊन समोरच बसल्या. "विचारा की. आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?"

दुसरं कुणी ऐकत असेल तर मारहाणीबद्दल विचारायचं नाही, असा नियमच होता. नाहीतर मागाहून त्या बाईलाच भोगावं लागायचं. हेमलताने ते प्रश्न सोडून सुनेच्या कडेवरच्या पोरीच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळली. माप लाल रंगावर आलं, म्हणजे पोरगी फारच कुपोषित होती.

"खातच नाही कार्टी," सासूबाई म्हणाल्या.

"भरवायला बसते तेव्हाच हे घरी येतात," सून हळूच बोलली.

तांदूळ निवडणारा हात थांबला.

सुनेने पोरीला खाली ठेवलं, ब्लाउजची बाही वर सरकवली आणि स्वतःचा दंड पुढे केला. त्यावर पाचही बोटं काळीनिळी उठली होती.

"ताई, माझाही मोजा."

सासूबाई आता हेमलताच्या तोंडाकडे बघत होत्या. हेमलताने पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली.

"ही लहान मुलांची असते गं," ती म्हणाली.

"बरं," म्हणत सुनेने बाही खाली ओढली.