देवखोलीतलं आसन

क्षमानं बारीक दातांची फणी मांजराच्या पिल्लाच्या मानेपासून शेपटीपर्यंत ओढली आणि साबणाच्या पाण्यात झटकली. दोन पिसवा बुडाल्या. कालही दोनच निघाल्या होत्या. मग सासूबाईंच्या पोटऱ्यांवर रोज नवे लाल फोड येतात कुठून, हे तिला कळेना.

काजूच्या बागेत सापडलेलं हे पिवळं पिल्लू तिनं पदराखाली घालून घरी आणलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. लग्न होऊन गोव्यातल्या लाटंबार्स्यात आल्यापासून तिनं स्वतःच्या मनानं घरात आणलेला हा पहिलाच जीव. नवरा गौरेश मुरगावच्या बंदरात कामाला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे दिवस घरात सासू पद्मावतीबाई आणि ती. पिल्लू आल्यापासून क्षमाला हे घर आपलं वाटू लागलं होतं.

पण पद्मावतीबाईंनी शेजारणींसमोरच जाहीर करून टाकलं होतं, "शनवारपर्यंत पिसवो गेल्यो तर बरां. नाय तर आयतवारा गौरेश तेका डिचोलीच्या बाजारात सोडून येतलो." नको झालेली मांजरं लोक तिथल्या मासळी बाजारात सोडतात. माशांची डोकी खाऊन जगतील, अशी मनाची समजूत घालतात आणि मागे न बघता घरी येतात. पद्मावतीबाई एकदा बोलल्या की तो शब्द त्यांना स्वतःलाही मागे घेता येत नसे.

क्षमाही हट्टाला पेटली. गुरांच्या डॉक्टरांना जाऊन भेटली. "कुत्र्यांची पिसवांवरची पावडर चुकूनही घालू नका, एवढंसं पिल्लू जाईल," ते म्हणाले. "फणी फिरवत राहा. आणि ते जिथं निजतं ते सगळं ऊन पाण्यानं धुवा. पिसवा वाढतात त्या तिथं."

तिनं चादरी धुतल्या, अभ्रे धुतले, पायपुसणी उकळली. गोणपाटं उन्हात टाकली, जमिनीच्या फटी खराट्यानं कोरून काढल्या. कंबर मोडून आली, पण ती थांबली नाही.

शनिवारी सकाळी पद्मावतीबाई पूजा आटोपून बाहेर आल्या त्या पोटरी खाजवतच. "बघ, आजय चावल्यो."

क्षमा त्यांच्या पायांकडे बघत राहिली. म्हणजे पिसवा चावल्या त्या देवखोलीतच. घरात न धुतलेली एकच वस्तू उरली होती, सासूबाईंचं पूजेचं आसन. ते लोकरीचं होतं. लोकर कायम सोवळ्यातच असते, ती धुवायची नाही, आणि त्यांच्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिला बजावलेलं होतं.

सासूबाई चहा घ्यायला वळल्या तशी ती देवखोलीत शिरली. आसन उचललं आणि थेट अंगणात आणलं.

"ठेव ता खाली," मागून आवाज आला.

तरीही क्षमानं पांढरं फडकं पसरलं आणि आसन त्यावर झटकलं. काळी कणी पडली. तीन-चार पिसवा उडाल्या. आणि मग पिवळे केस, मूठभर पिवळे केस.

"आई, पिल्लू ह्येच्यार निजता?"

पद्मावतीबाई फडक्याकडे बघत म्हणाल्या, "मिया पूजेक बसतंय तेन्ना येता. माका टेकून निजता. देवाच्या फुडे निजलेल्या पोराक उठवचा कसा?"

"पण देवखोलीच्या दाराक कडी असता."

पद्मावतीबाईंनी तिच्या हातातून आसन काढून घेतलं. चुलीवरचं ऊन पाणी बादलीत ओतलं. इतक्या वर्षांत पाणी न लागलेलं ते आसन दोन्ही हातांनी त्यात खोल दाबलं. सुनेकडे न बघताच त्या म्हणाल्या,

"कडी मियाच काडतंय."