सासूबाईंची पाठवणी

सर्वपित्रीच्या दुपारी रेवतीने खीर-वड्यांचं पान नव्या लॅपटॉपसमोर मांडलं. गेलेल्या सासूबाई जिच्यात जपल्या होत्या ती ड्राइव्ह हातात घेऊन ती पोर्ट शोधू लागली. लॅपटॉपच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत होत्या.

“वहिनी, पोर्ट गेले आता,” दीर मकरंद हसला. “आईला मी कालच वर क्लाउडवर चढवलंय. नुसती हाक मारा.”

“आणि जेवल्यावर ड्राइव्ह काढून पाठवणी करतो, ती कशी करायची?”

“एवढी घाई सासूला घालवायची?”

रेवतीने ड्राइव्ह पानाशेजारी ठेवली. जाताना सासूबाईंनी एवढंच मागितलं होतं, की वर्षातून एकदा बोलवा, पण मग निजू द्या.

तिने हाक मारली. सासूबाई आल्या, पान बघून निवल्या, एक ओवी गुणगुणल्या. मग म्हणाल्या, “निघते गं आता. दमले.”

रेवतीने लॅपटॉप मिटला. आवाज मकरंदच्या फोनमधून आला, मग फ्रिजमधून, मग माजघरातल्या दिव्यातून. अंधारात कुणी भिंती चाचपत फिरावं, तसा तो घरभर फिरला. मकरंद आता हसत नव्हता.

“रेवती,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “जायचं दार कुठं ठेवलंत गं?”