कालिमेरा

कावळा आला होता, पण शिवत नव्हता.

गारखेड्यातल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर बसून तो कठड्यावरच्या पानाकडं मान वाकडी करून बघत होता. पानावर भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं अंबिकाच्या वर्षश्राद्धाचं. गुरुजी विधी उरकून घाईघाईनं पुढच्या घरी गेले होते. गच्चीवर सदाशिवराव आणि त्यांची लेक मृण्मयी, दोघंच. खाली घर रिकामं होतं.

"बाबा, आता कशात अडकलाय हो आईचा जीव?" मृण्मयीनं विचारलं. "ग्रीस तर दाखवून आणलंत ना तिला?"

वर्षापूर्वी पैठणला, दहाव्यालाही असंच झालं होतं. गोदेच्या काठी पिंड ठेवून नातेवाईक ताटकळले होते. कुणी म्हणालं, मृण्मयीचं लग्न थाटात करू. कुणी म्हणालं, सदाशिवची आबाळ होऊ देणार नाही. कावळा ढिम्म. "लई जीव अडकलाय बगा माउलीचा. धन्याला ठावं असंल, धन्यानं बोलावं," घाटावरचा न्हावी म्हणाला. चारचौघांत 'तुला ग्रीसला नेतो' असं म्हणायची धन्याला लाज वाटली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला गेली.

अंबिका शाळेत इतिहास शिकवायची. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा ग्रीक खलाशानं पैठणचं नाव लिहून ठेवलंय, हे तिच्या वाचनात आलं आणि बाई पेटल्याच. "तो एवढ्या लांबून आपल्या गावाचं नाव शिकला. आपण निदान त्याचं 'सुप्रभात' तरी शिकावं की नाही?" निवृत्त झाल्यावर ती मोबाइलवर ग्रीक शिकायला लागली. रोज सकाळी चहाचा कप पुढं करून म्हणायची, "कालिमेरा!" आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. सदाशिवराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "अंबिका, चहात साखर कमी आहे." मग ती आत जाऊन साखरेचा डबा ओट्यावर आपटायची. वर्षानुवर्षं हेच.

ती गेली, पण तिचं कालिमेरा गेलं नाही. सकाळी पेपर उघडला की स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायचाच, "कालिमेरा!" स्पष्ट, खणखणीत, अगदी वर्गातल्यासारखा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, आवाज गेला नाही. शेवटी मृण्मयीच म्हणाली, "आईचं राहिलेलं तुम्ही करून या, बाबा."

तिचा फोटो शर्टाच्या खिशात ठेवून ते गेले. अथेन्सचे पडके खांब त्यांनी फोटोला दाखवले, समुद्र दाखवला. तिनं घोकलेली अक्षरं दुकानांच्या पाट्यांवर दिसली तेव्हा मात्र भर रस्त्यात त्यांना रडू आलं. मग एका बेटावर ते स्टाव्रुला नावाच्या म्हातारीकडं उतरले. बाई कायम काळ्या कपड्यांत. तरुणपणी ऑस्ट्रेलियात शिवणकाम करून आलेली, त्यामुळं इंग्रजी बोलणारी, आणि जिभेला हाड नसलेली. सकाळी ती अंगणात शेंगा निवडत बसायची. दारावरून जाणारा प्रत्येक जण "कालिमेरा" म्हणायचा आणि ती प्रत्येकाला उलट "कालिमेरा" म्हणायची. सदाशिवराव गप्प.

"तुझ्या तोंडाला काय झालंय?" एके दिवशी ती खेकसली. "उत्तर मिळाल्याशिवाय माणूस दारातून हलेल कसा?"

मग तिनं स्वतःचं सांगितलं. नवरा मासेमारी करायचा. रात्री दोघांचं भांडण झालं. सकाळी होडीकडं निघताना तो दारातून कालिमेरा म्हणाला, ती रागानं बोललीच नाही. तो समुद्रात बुडाला. पण त्यानंतरही रोज सकाळी दारात येऊन कालिमेरा म्हणत राहिला. एकदा तिला त्याची दया आली. तिनं उत्तर दिलं.

"मग?" सदाशिवरावांनी विचारलं.

"मग गेला." म्हातारीचे हात शेंगांवर थांबले. "बरंच केलं मी. मोकळा झाला बिचारा." पुन्हा शेंगा निवडायला घेत ती म्हणाली, "पण घर फार मोठं झालं रे."

दुसऱ्या दिवसापासून सदाशिवराव अख्ख्या गावाला कालिमेरा म्हणू लागले. पाववाल्याला, पाद्र्याला, भिंतीवरच्या मांजरांनासुद्धा. जन्मभर घरात दोन शब्द बोलायला महाग असलेला माणूस, पण तिथं त्याची जीभ मोकळी सुटली होती. गारखेड्याला परतल्यावर पहिल्याच सकाळी दारातून आवाज आला, "कालिमेरा!" ओठांवर आलेलं उत्तर त्यांनी गिळून टाकलं. ग्रीस दाखवून आणलं, आता तिचं काही राहिलं नाही, अशी थाप ते त्या दिवसापासून स्वतःलाच मारत होते.

"बाबा, बोला ना तिच्याशी काहीतरी!" मृण्मयी आता रडायच्या बेतात आली होती.

कावळा टाकीवरून कठड्यावर उतरला. पानापासून हातभर अंतरावर थांबला. आणि त्याच वेळी सदाशिवरावांच्या मागून, जिन्याच्या दारातून आवाज आला.

"कालिमेरा!"

एका शब्दाचं तर काम होतं. परक्या गावात मांजरांना वाटलेला शब्द. तो उच्चारला की कावळा शिवणार, तिचा जीव सुटणार. त्यांना तो सुटायला हवाच होता, जन्मभर राबली होती बिचारी. पण उद्या मृण्मयी पुण्याला परत जाणार. परवा पेपर उघडला की दारात कुणीच नसणार.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"अंबिका," ते म्हणाले, "चहात साखर कमी आहे."

कावळा उडून गेला.

"बाबा, हे काय बोलताय?" मृण्मयीनं त्यांचा दंड धरला. त्यांनी हातानंच तिला गप्प केलं. ते कान देऊन ऐकत होते.

खाली, रिकाम्या स्वयंपाकघरात, साखरेचा डबा ओट्यावर आपटला.